जोड्यांपाशी

"लाच दिलीस का रे?" मामलेदारांनी विचारलं.

"दिली, साहेब," भिवा म्हणाला. "एक कोंबरी दिली."

कचेरीच्या दारात उकिडवी बसलेली आवडाबाई लेकाचं बोलणं कान देऊन ऐकत होती. खोटं बोलू नकोस, असं कोपरी गावाहून येताना तिनंच त्याला बजावलं होतं. मासळी खारवायला भिवानं तो राबत होता त्या मिठागरावरचं मडकंभर मीठ सरकारी कर न भरता घरी नेलं. नाक्यावरच्या शिपायानं त्याला धरलं. घरची कोंबडी आणून दिली तेव्हा सोडलं. ते वरच्या अंमलदाराला कळलं आणि खटला उभा राहिला.

मामलेदार शिपायाकडे वळले. "तू घेतलीस?"

"नाही साहेब. मी नको म्हटलं."

"मग कोंबडी कुठे आहे?"

"उडून गेली, साहेब."

"पातेल्यात उडाली," मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

आवडाबाई हसली नाही. मीठ काढायचे ऐन दिवस होते. भिवा तुरुंगात गेला तर मिठागराचा मालक त्याच्या जागी दुसरा गडी लावणार होता, आणि बांधावरची झोपडी त्या गड्याला देणार होता. तसं तो तोंडावर सांगून गेला होता. झोपडीत भिवाची बायको बायजा होती, ओली बाळंतीण.

"साहेब, एक बोलू?" भिवानं हात जोडले.

"बोल."

"तुमी मोठ्या साहेबाला पैसे चारून ही खुर्ची घेतली. त्या साहेबाच्या चौकशीत शपथेवर तसं सांगितलंत. खरं बोललात म्हणून सरकारनं माफी दिली, खुर्चीबी ठेवली. सगल्या गावाला ठावं हाय. आता मीबी खरंच बोललो."

कारकुनाचा टाक जागच्या जागी थांबला.

"ते वेगळं," मामलेदार म्हणाले. "मला सरकारचं वचन होतं."

"मंग माज्या पोराला वचन कोन देनार?" आवडाबाई उठून आत आली. पट्टेवाला आडवा झाला. ती त्याच्या हाताखालून पुढे सरली. "साहेब, माजा न्हवरा गावचा पंच होता. खाडीचा बांध कोनी फोडला, तर तो दंड करायचा. एक साल त्यानंच मासलीसाठी बांध फोडला. लोकांच्या शेतान खारं पानी भरलं. पंचांनी काय केलं ठावं हाय? त्याला चावडीच्या दारान जोड्यांपाशी बसवला. सगल्यांचं नुकसान भरून देईपर्यंत तो तितंच बसायचा. दुसऱ्याच्या न्यायाला तोंड उघडायचा नाय. त्याच्याखाली गोनपाट मीच अंथरलं. या हातांनी."

"बाई, इथे तुमची गावकी चालत नाही. इथे कायदा आहे."

"तेच इचारते. कोनासाठी हाय?"

मामलेदारांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "एक महिना सक्तमजुरी. पुढचं काम घ्या."

ज्यानं कोंबडी खाल्ली, त्याच शिपायानं भिवाचा दंड धरला.

"आये, बायजाला..." भिवा म्हणाला.

"तिला मी बघते. तू मान खाली घालू नको."

भिवाला नेलं. आवडाबाई दारापाशी आली. उन्हासाठी डोक्यावर घेऊन आलेलं गोणपाट तिनं खांद्यावरून काढलं. उंबऱ्याबाहेर वकिलांचे, सावकारांचे, कारकुनांचे जोडे पसरले होते. ते तिनं पायानं बाजूला सारले, मधली जागा पदरानं झाडली आणि गोणपाट अंथरलं. घरी जावई आल्यावर पाट मांडावा तसं निगुतीनं, दोन्ही हातांनी सुरकुत्या काढत.

पट्टेवाला धावत आला. "ए म्हातारे, हे काय?"

"साहेबांची जागा," ती मोठ्यानं म्हणाली. आत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "झाडून ठेवलीय. बसू दे त्यांना."

पट्टेवाला उचलायला वाकला. ओसरीवरची माणसं त्याच्याकडे बघत होती. तो रिकाम्या हातानं सरळ झाला आणि खांबाला टेकून उभा राहिला.

आवडाबाई कोपरीच्या वाटेला लागली. झोपडी रिकामी करायची होती.

दिवस कलला. कामं उरकून एकेक माणूस बाहेर पडू लागला. प्रत्येकानं गोणपाटाच्या कडेनं अंग चोरून जात आपले जोडे उचलले. त्याच्यावर कुणाचं पाऊल पडलं नाही.

शेवटी मामलेदार निघाले. लोकांचे जोडे सगळे गेले होते. उंबऱ्याला लागून तेवढं गोणपाट उरलं होतं, आणि लोकांसारखं कडेनं अंग चोरून गेल्याशिवाय, नाहीतर त्यावर पाय दिल्यावाचून, त्यांना बाहेर पडायला वाट नव्हती.