दात दिसतात तुझे

आमच्या लग्नात फोटो काढताना नवरा कानाशी पुटपुटला, "तोंड मिट, दात दिसतात तुझे." घटस्फोट होईपर्यंत सात वर्षं हेच ऐकलं.

गेल्या महिन्यात तोच दवाखान्यात मी औषधं देते त्या खिडकीशी आला. रक्तात लोह कमी आणि गोळ्या सोसत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी पातळ औषध लिहून दिलेलं. "महिन्यावर लग्न आलंय माझं, नीट समजावून सांग."

सांगितलं की! उपाशीपोटी घ्यायचं, वर लिंबूपाणी प्यायचं, चहा दोन तासांनी. स्ट्रॉने प्यायचं, नाहीतर दात काळे पडतात, एवढं मात्र गिळून टाकलं.

काल जुन्या नणंदेने लग्नाचे फोटो पाठवले.



एकाही फोटोत नवरदेवाचे दात दिसले नाहीत.