तुळईखालची खाट

इंजिनीअरने हातोडी वर नेली आणि खाटेवरचे सासरे खोकायला लागले.

तो भला माणूस होता, थांबला. खोकला ओसरल्यावर त्याने पुन्हा हातोडी उचलली, तर सासऱ्यांना पुन्हा ढास लागली. शेवटी त्याने छताची तुळई तशीच ठोकून पाहिली. आवाज भरीव आला की पोकळ, ते त्या खोकल्यात कुणालाच कळलं नाही. जुना दमा आहे हो त्यांना, असं सासूबाईंनी दारातून सांगितलं. दमा त्याच दिवशी सकाळी सुरू झाला होता आणि तो सासूबाईंनीच चहाच्या वेळी शिकवला होता.

सून भिंतीला पाठ लावून उभी होती.

भाड्याच्या इमारतींचे कायद्याने तीन गट पाडले होते आणि ही कुठल्या गटात बसते ते ठरवायला हा सरकारी इंजिनीअर आला होता. पहिल्या गटातल्या इमारती ठीक, त्यांच्याकडे कुणी बघायचं नाही. दुसऱ्या गटातल्या मोडकळीला आलेल्या, त्या मालकाने दुरुस्त करून द्यायच्या. तिसऱ्या गटातल्या धोकादायक, त्या ताबडतोब रिकाम्या करायच्या. रिकाम्या करून जायचं कुठे, याबद्दल कायदा काही बोलत नव्हता. परत येण्याचा हक्क मात्र होता म्हणे. समोरच्या इमारतीतले लोक तो हक्क घेऊन गेले त्याला इतकी वर्षं झाली होती, की त्यांच्या एका खिडकीतून आता चांगलं जाडजूड झाड बाहेर आलं होतं. मालकाने तर कधीच हात वर केले होते. भाडं वाढवायला तुमचा कायदा परवानगी देत नाही, मग सिमेंट काय मी घरून आणू, असं तो तोंडावर विचारायचा. इमारत तिसऱ्या गटात गेली तर त्याचं भलंच होणार होतं.

तेव्हा इमारत पडायला आलेली दिसायला हवी होती, पण बेताने. सगळे भाडेकरू जिन्यात बसले आणि भांडून भांडून ठरलं, की जिन्याच्या भेगा उघड्या ठेवायच्या, गच्चीची गळती हौसेने दाखवायची आणि दुसऱ्या मजल्यावरची ही तुळई काही करून लपवायची. तिच्यातल्या सळया गंजून फुगल्या होत्या. हाताएवढे तुकडे खाली पडायला लागल्यापासून या घरातले सगळे स्वयंपाकघरात दाटीवाटीने झोपत होते. मुलाने, म्हणजे सुनेच्या नवऱ्याने, वरून गिलावा केला, तो नवा दिसू नये म्हणून चहाचं पाणी फासलं. तरी सासूबाईंचं समाधान होईना. मग त्यांनीच सासऱ्यांची खाट आतून बाहेर काढायला लावली आणि नेमकी तुळईखाली मांडली. अर्धं अंग लुळं पडलेल्या म्हाताऱ्याला कुणी मुद्दाम अशा जागी झोपवेल का, असंच तो इंजिनीअर म्हणेल, हा त्यांचा हिशेब होता.

इंजिनीअर खाटेकडे बघत होता.

"इथेच झोपतात का हे?"

"कायम," सून म्हणाली. उत्तर तिने पाठ केलं होतं, तरी ते तोंडातून निघाल्यावर तिला स्वतःची किळस आली.

त्याने मान हलवली, आणखी एकदा वर पाहिलं आणि दुसरा गट लिहिला. जिन्यात कान लावून बसलेल्या शेजाऱ्यांचा जीव भांड्यात पडला. कुणीतरी सुनेच्या नवऱ्याची पाठ थोपटली. दुरुस्ती कधी सुरू होईल, असं त्याने विचारलं. मालकाला मुदत मिळेल, तो कोर्टात गेला तर आणखी लांबेल, नक्की सांगता येत नाही, असं इंजिनीअर म्हणाला. पायऱ्या उतरता उतरता तो वळला.

"आणि एक. आमची माणसं मधूनमधून न सांगता येतील, कुठल्याही वेळी. राहणाऱ्यांनीच खोली वापरायची सोडलेली दिसली, तर इमारत सरळ तिसऱ्या गटात जाते. तसं कलमच आहे."

तो गेल्यावर थोड्या वेळाने मुलाने खाटेचं एक टोक धरलं, सुनेने दुसरं. खाट आत न्यायची होती. दोघांनीही ती उचलली नाही.

"मला नाही जमणार हे," सून म्हणाली. "आपण जाऊ कुठेतरी."

"कुठे?" नवऱ्याने विचारलं. तो रागावला नव्हता. त्याला खरंच विचारायचं होतं. तिने एकेक नातेवाईक मनात आठवून पाहिला आणि तिला रडू फुटलं.

"सोडा ती खाट," सासरे म्हणाले. "मी आहे तिथे बरा आहे."

मुलगा तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेला. सून जागची हलली नाही. सासूबाई आत गेल्या, आपली वळकटी घेऊन आल्या आणि खाटेला लागून जमिनीवर पसरायला लागल्या. सासऱ्यांनी चांगला असलेला हात उचलून त्यांना अडवायला पाहिलं.

"तू आत झोप. ऐक माझं."

सासूबाईंनी उशी ठोकून सारखी केली आणि तुळईच्या बरोबर खाली ठेवली.

"दोन माणसं झोपलेली दिसली," त्या म्हणाल्या, "की खोली आणखी भक्कम वाटेल."