मैत्रेयीचं रक्त

"रक्त सहा म्हणजे फारच कमी," कमलनगरच्या तपासणी शिबिरातून आलेला मैत्रेयीच्या नावाचा कागद वाचून गावच्या आशाताई म्हणाल्या. "असंच राहिलं तर बाळंतपणात जिवावर बेतंल."

कोंडाबाईंचा चेहरा उतरला. मैत्रेयी त्यांची धाकटी सून, राजपालची बायको. पहिलटकरीण, त्यात अंगानं काडी.

त्या दिवसापासून घर कामाला लागलं. मैत्रेयीनं खाटेवरून हलायचं नाही, असा कोंडाबाईंचा हुकूम निघाला. राजपालनं उदगीरहून खजूर आणला. कधी कलेजी, कधी मेथीची भाजी, वर गूळ-शेंगदाणे. लोहाची गोळी कोंडाबाई स्वतः उभ्या राहून घ्यायला लावत. सासू असावी तर अशी, असं गल्लीतल्या बाया म्हणायच्या आणि त्यात खोटं काही नव्हतं.

पाणी, भाकरी, धुणं थोरल्या ज्योत्स्नाकडं. तीही पोटुशीच होती, पण दोन लेकरांवरची ही तिसरी खेप. तिसरीचे डोहाळे कोण पुरवतंय? सगळ्यांची जेवणं उरकली की उरलंसुरलं घेऊन ती चुलीपाशी बसायची.

"अक्का, ही कलेजी तुमीच खावा. मला जाईना," एकदा मैत्रेयी जावेला म्हणाली.

"तू खा गप," कोंडाबाई म्हणाल्या. "तिचं काय, ती दगडावानी हाय."

ज्योत्स्नानं भिंतीला टेकून जरा दम खाल्ला आणि घागर उचलली.

पुढच्या तपासणीला राजपालनं जीप ठरवली. बिदरच्या मोठ्या दवाखान्यात जायचं होतं.

"मी बी येऊ का? चालताना डोळ्यापुढं अंधारी येऊलालीय," ज्योत्स्ना म्हणाली.

"उन्हानं येती. तू आलीस तर जनावरं कोण बघंल?" कोंडाबाई म्हणाल्या आणि जीपमध्ये बसल्या.

वाटभर त्यांनी मैत्रेयीचा हात सोडला नाही.

दवाखान्यात पुन्हा रक्त तपासलं. डॉक्टरीणबाईंनी नवा कागद पाहिला, मग जुना पाहिला.

"साडेअकरा. काही काळजी नाही, अव्वा."

कोंडाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. राजपाल तर हसायलाच लागला.

"पण महिनासुद्धा झाला नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळ्यांनी इतक्या लवकर एवढं वाढत नाही. शिबिरात रक्त हिचंच घेतलं होतं ना?"

"न्हाई बाई," कोंडाबाई मोकळ्या मनानं म्हणाल्या. "ही आधीच वाळलेली, हिचं थेंबभर बी कामून घालवायचं? नाव हिचं सांगितलं अन् थोरलीचं बोट पुढं केलं. दोघी एकाच चुलीवरचं खातेत. रगत येगळं कसं असंल?"