फाटकाजवळचं वळण

लोकांच्या बंगल्यांत गॅरेजपासून फाटकापर्यंतची वाट ती अशी आखायची, की नवशिक्यानंही एका दमात गाडी वळवून बाहेर काढावी. बाबांच्या अंगणात तिनंच बांधून घेतलेल्या नव्या गॅरेजमधून आज पहिल्यांदा गाडी निघत होती, आणि मागच्या सीटवर तिची लेक मांडीवर दप्तर घेऊन बसली होती. बाबांना डावीकडचं नीट दिसेनासं झालं होतं; पण दुसऱ्या कुणाला किल्लीला हात लावू देतील तर शपथ. नातीला शाळेत मीच सोडणार, म्हणून हटून बसले होते.

गाडी पुढे आली आणि खांबापाशी अडली. मागे गेली, तर भिंतीला टेकता टेकता राहिली. पुन्हा पुढे, पुन्हा तोच खांब. ती पायरीवर उभी राहून बघत होती.

"अहो, दमानं घ्या," आई म्हणाली.

"दमानं काय घेऊ? हिनं वळायला जागाच ठेवली नाही." बाबा घामाघूम होऊन खाली उतरले. "गावाला शहाणपण शिकवतेस आणि बापाच्याच दारात माती खाल्लीस की गं."

"चुकलंच बाबा."

"हे पाडून नीट करत नाहीस तोवर गाडी बंद." त्यांनी किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि नातीचं बोट धरलं. "चल गं, आपण चालतच जाऊ."



आजवर तिनं इतक्या घरांचे नकाशे काढले, पण अगदी मनासारखा उतरला तो हा एकच.