हँडलखालची दांडी

यंत्र कुंपण फोडून पलीकडे गेलं आणि त्याच्या मागोमाग काकाही गेले. शेजारीण वाळत घातलेली चादर वाचवायला धावली, पण निम्मी चादर तोवर कापून झाली होती. मेकॅनिकने पळत जाऊन इंजिन बंद केलं.

"बघितलंस?" काका कपडे झटकत म्हणाले. "दांडी अडकते."

गवत कापायचं ते यंत्र आपल्या चाकांनी पुढे चालायचं. हँडलखालची दांडी बोटांनी आवळून धरली की चाकं फिरायची. सोडली की स्प्रिंग तिला खाली ढकलायची आणि चाकं थांबायची. निदान थांबायला हवी होती. गेला महिनाभर काका यंत्रामागून गुलाबाच्या वाफ्यात, फाटकाबाहेर आणि एकदा तर पोस्टमनच्या सायकलवरून जाऊन आले होते. कुठेतरी धक्का बसला की मगच दांडी सुटते, हेही त्यांनी मेकॅनिकला सांगून ठेवलं होतं.

काकूंचं म्हणणं वेगळं होतं. यंत्राला काही धाड भरलेली नाही, बिघाड आहे तो मागे चालणाऱ्यात, असं त्या पायरीवर बसून चहा पिता पिता शेजारीपाजारी ऐकू जाईल अशा बेताने सांगत. आज यंत्र निर्दोष ठरलं तर उद्यापासून गवत माळी कापणार होता आणि काका खुर्चीत बसणार होते. निवृत्तीनंतर काकांच्या हातात तेवढं गवतच उरलं होतं. म्हणून मेकॅनिकला त्यांनीच बोलावलं होतं.

मेकॅनिकने दांडीपासून चाकांकडे जाणारी वायर काढून पुसली, तेल सोडलं. स्वतः यंत्र चालवून पाहिलं. दांडी सोडताच ते गुणी बाळासारखं जागच्या जागी थांबलं. मग काकांनी धरलं आणि ते जास्वंदीत गेले. मेकॅनिकने स्प्रिंग बदलली. काका भिंतीवर गेले. त्याने वायर नवी घातली, दांडीही नवी बसवली. काकांनी शांतपणे पाण्याच्या टाकीला धडक दिली. यंत्राला माणूस ओळखता येतो हे आज कळलं, असं काकूंनी पायरीवरून जाहीर केलं.

आता प्रश्न मेकॅनिकच्या अब्रूचा होता. त्याने इंजिन बंद केलं आणि दांडीची वायर आणि स्प्रिंग दोन्ही काढून टाकली. दांडी आता कशालाच जोडलेली नव्हती. फुंकर मारली तरी हलत होती.

"काका, आवळा. आता सोडा."

काकांनी आवळली.

"सोडा ना, काका."

"सोडली की," काका म्हणाले.

बोटं दांडीभोवती तशीच घट्ट होती. पेरं पांढरी पडली होती. काका बोटांकडे बघतही नव्हते. ते मेकॅनिककडे बघत होते, चोर रंगेहाथ पकडून दिल्याच्या समाधानाने. इंजिन नाही, वायर नाही, तरी अडकलीच की नाही, असं त्यांनी विचारलं.

मेकॅनिकने काकूंकडे पाहिलं. काकूंच्या कपातला चहा पायरीवर सांडत होता आणि त्यांना पत्ता नव्हता.

त्या उठून आल्या. करंगळीपासून सुरुवात करून काकांचं एकेक बोट सोडवू लागल्या. अंगठ्यापर्यंत पोचल्या तेव्हा दांडी टपकन खाली पडली.

दांडी अडकते म्हणून हिला किती वेळा सांगितलं, पण ही ऐकेल तर शपथ, असं काका मेकॅनिकला म्हणाले.

काकूंनी तो हात तसाच आपल्या हातात धरून ठेवला. मान वर न करता त्या मेकॅनिकला म्हणाल्या, "यांचंच बरोबर होतं. यंत्रच बिघडलंय. तू घेऊन जा ते."