छापण्यास हरकत नाही

"तुमच्याच लग्नाची पत्रिका हाय, ताई. प्रूफबी तुमीच बघा," म्हणत लियाकतभाईंनी शाईचा ओला कागद शालनच्या हातात दिला.

शालनने पेन्सिल उचलली. कॉलेजच्या संशोधन अंकाची ती विद्यार्थी संपादक. दोन वर्षं सांगलीच्या याच छापखान्यात प्रुफं वाचत होती. प्रत्येक प्रुफाखाली 'छापण्यास हरकत नाही' लिहून सही करायची. त्या सहीशिवाय लियाकतभाई मशीनला हात लावत नसत. एकदा खुद्द प्राचार्यांनी घाई केली, तरी लावला नव्हता.

तिचे वडील आकाराम बाकावर बसले होते. पलूसहून सकाळच्या एसटीनं आले होते. माणूस वाईट नव्हता. "अंकात नाव छापून येऊ दे, मग एम. ए.चं बघू," असा शब्द त्यांनीच दिला होता. म्हणून तर तिनं दुष्काळात आटलेल्या विहिरींवर लेख लिहिला. उन्हातान्हात शिवार पालथं घातलं. लेख छापून आला. आकारामांनी तो पाटणच्या पाहुण्यांना दाखवला. पाहुण्यांनी विहिरींबद्दलचं एक अक्षरही वाचलं नाही, पण नाव वाचून खूश झाले. छापील सून मिळाली, आणखी काय हवं? मुहूर्त निघाला तो नेमका बी. ए.च्या परीक्षेच्या आठवड्यात.

"आबा, तुमी शब्द दिला हुता," ती घरी म्हणाली होती.

"अगं, नाव छापून आलं म्हणूनच तर एवढं चांगलं स्थळ आलं," आबा कौतुकानं म्हणाले होते.

तेव्हापासून तिला काही वाटेनासंच झालं होतं. जेवायला हाक मारली की जेवायची. शालू दाखवला की मान हलवायची. रडूसुद्धा येत नव्हतं.

आताही ती निमूट वाचत गेली. मामांच्या नावातली सुटलेली मात्रा घातली. मुहूर्ताची वेळ सुधारली. 'चि. सौ. कां. शालन' इथे आली, तर ती कुणी लांबची पोरगी वाटली. तिनं कागद परत दिला.

लियाकतभाईंनी कागदाच्या तळाशी नजर टाकली. "सही ऱ्हायली, ताई."

"ऱ्हायली न्हाई, भाई. मी केली न्हाई."

आकाराम बाकावरून उठले. "आणा हिकडं, मी करतो सही."

लियाकतभाईंनी कागद भिंतीच्या खिळ्याला अडकवला आणि हात पुसले.

"आवं, तुमची कशी चालंल? जिनं वाचलं, तिचीच लागती."