फॉलो करण्यासारखा एकच

चाळीस लेखकांपैकी एकोणचाळीस पहिल्याच आठवड्यात गळाले.

यादी नणंदेने करून दिली होती. ती एका मोठ्या कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजर होती, म्हणजे ॲपमध्ये काय असावं आणि काय नसावं ते ठरवायची. वहिनीला तेच काम तीन महिन्यांत शिकायचं होतं. वहिनीच्या वीज कंपनीने आपला तक्रार कक्ष बंद केला होता. अकरा जणींना पुष्पगुच्छ मिळाले. बारावी वहिनी. बावीस वर्षं फोनवर "जरा थांबा हं" म्हणून तिचं नाव थांबाताई पडलं होतं. तिला कंपनीच्या ॲपचं काम बघायची संधी मिळाली. जमलं तर नोकरी, नाहीतर बारावा पुष्पगुच्छ.

बसायची जागा तीच होती. अकरा रिकाम्या खुर्च्यांवर अकरा हेडफोन लटकत होते. काढा असं कुणी सांगितलं नाही, म्हणून तिने काढले नाहीत. दुपारी डबा उघडला की सवयीने तोंडून "या गं" निघायचं. मग ती एकटीच जेवायची.

ऑनलाइन चांगलं लिहिणारे दोन-चार जण सापडले की पुस्तकं लागत नाहीत, असं नणंदेचं मत होतं. फक्त ते सापडायला हवेत. त्यासाठी तिची एक परीक्षा होती: आपल्या कामातला एकच खरा प्रश्न सगळ्यांना पाठवायचा आणि उत्तरं बघायची.

थांबाताईचा प्रश्न तयार होता. घरातलं माणूस गेलं की मीटरवरचं नाव बदलायला ॲपमध्ये फॉर्म आहे. दर महिन्याला शेकडो लोक तो पूर्ण भरतात, दाखला जोडतात आणि शेवटच्या बटणापाशी येऊन निघून जातात. का?

चौदा जणांनी तीन टोकांना तीन इंग्रजी शब्द लिहिलेल्या त्रिकोणाचं चित्र पाठवलं. सहा जणांनी स्वतःच्या कोर्सची लिंक. एकाने कळवलं की तो पहाटे पावणेचारला उठतो. एकाने प्रश्नाचं इतकं कौतुक केलं की उत्तर द्यायचं राहून गेलं. बाकीच्यांनी अंगठा दाखवला.

चाळिसावा 'कमी बटणं' या नावाने लिहायचा. त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला आलं. "मला माहीत नाही. तुम्ही त्या लोकांना विचारलंत का?"

नणंदेने फोन हातात घेऊन ते दोनदा वाचलं.

"वहिनी, हा खरा माणूस. या धंद्यात 'मला माहीत नाही' म्हणायला पंधरा वर्षं लागतात. मी अजून म्हटलेलं नाही."

त्याचे साठेक लेख होते. थांबाताईने सगळे वाचले. एकात त्याने लिहिलं होतं की पाच महिने खपून केलेलं बटण त्याने काढून टाकलं आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही, म्हणून तो दिवसभर उदास होता. शेवटचा लेख दोन वर्षांपूर्वीचा होता. म्हणणं संपल्यावर गप्प बसतो, हेच त्याचं मोठेपण, असं नणंदेने ठरवलं आणि ती त्याला गुरुजी म्हणू लागली.

लोकांना फोन करणं थांबाताईला नवं नव्हतं. तिने एकेकाला गाठलं. एका मुलीने सांगितलं, वर्ष झालं की करते. एका निवृत्त ड्रायव्हरच्या घरचा मीटर बायकोच्या नावावर होता. शेवटच्या बटणावर लिहिलेलं असायचं, 'जुने नाव कायमचे काढून टाका'. चार वेळा तिथपर्यंत बोट नेलं, म्हणाला.

"बाई, तुम्हीच दाबा ना माझ्या वतीने."

थांबाताई सवयीने "जरा थांबा हं" म्हणाली.

साहेबांनी बटण मोठं आणि हिरवं करायला सांगितलं. हिरवं करू का, असं तिने गुरुजींना विचारलं. चार दिवसांनी, पुन्हा दुपारीच, उत्तर आलं. "रंगांचं मला कळत नाही. पण नाव काढायलाच हवं का? नव्या नावाच्या खाली जुनंही राहू दे की."

नणंदेने ते वाक्य छापून स्वतःच्या ऑफिसच्या भिंतीला लावलं.

दोन नावांना सिस्टीममध्ये जागा नाही, असं साहेब पाच आठवडे म्हणत राहिले. शेवटी थांबाताईने त्यांना एका रिकाम्या खुर्चीत बसवलं, हेडफोन दिला आणि ड्रायव्हरचं रेकॉर्ड झालेलं बोलणं ऐकवलं. साहेब ऐकून बाहेर गेले. परत आले ते तोंड धुऊन. एक ओळ देतो, म्हणाले, पण बारीक अक्षरात.

बटणावर आता 'नवीन नाव जोडा' आलं, आणि खाली बारीक अक्षरात, 'पूर्वी' म्हणून, जुनं नाव. तिसऱ्या महिन्यात अर्धवट सोडून जाणारे जवळजवळ उरले नाहीत. ड्रायव्हरने फोन करून सांगितलं की ती खाली दिसतेय. थांबाताईची नोकरी कायम झाली.

तिने गुरुजींना मोठा निरोप लिहिला. तुमच्यामुळे निभावलं. मी आणि माझी नणंद एकदा येऊन तुमच्या पाया पडणार आहोत. लोकांचं बोट नेमकं कुठे अडतं, ते तुम्हाला घरबसल्या कसं कळलं?

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं.

"नमस्कार. आमचे हे दोन वर्षांपूर्वी गेले. तुमच्यासारख्यांचे प्रश्न येतच राहिले. कुणाला ताटकळत ठेवणं त्यांना आवडायचं नाही, म्हणून कामं आटपली की मी त्यांचा फोन घेऊन बसते. मला यातलं काहीच कळत नाही. आमच्या मीटरवर अजून त्यांचंच नाव आहे, तेवढं कळतं. आता तुमचं शिकून झालंच आहे, तर एक सांगाल का? हे दिवसभर ऑफिसात नक्की काय करायचे?"